ताईंना विचारा : ‘मंडळीचं नाव जाईल’ असं म्हणतात तेव्हा

गेल्या अंकात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे म्हणजे काय, यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीकडे वळली. प्रतिरूपाचं ऐकायला बरं वाटतं, पण मंडळीतल्याच, म्हणजे आपल्या चर्चमधल्याच, माणसाने कुणाच्या अंगावर हात टाकला तर काय करायचं? म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवले. पत्रं कमी केली आहेत, नावं-गावं काढली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पाळक नाही, वकीलही नाही. मिशन हॉस्पिटलात नर्स होते, त्यातली बरीच वर्षं बायकांच्या वॉर्डात गेली. मला उत्तरं सुचतात ती तिथूनच.

प्रश्न : प्रिय ताई, सलाम. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. सुट्टीत युवक संघाचं शिबिर होतं, तिथून आल्यापासून ती गप्प होती. मग एका रात्री रडत सांगितलं, की शिबिर चालवणाऱ्या दादांनी सामान काढायला म्हणून भांडारखोलीत बोलावलं आणि नको तिथे हात लावला. आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मत्तय अठरा वाचा, आधी भावाला एकांतात समजवायचं असतं. कमिटीतले एक जण म्हणाले, विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जायचं नाही असं पौल सांगतो. आम्ही त्याला दुसऱ्या मंडळीत पाठवतो, तुम्ही विषय संपवा, नाहीतर मंडळीचं नाव जाईल आणि मुलीचंही. आता माझे मिस्टरही तेच म्हणतात. मुलगी चर्चला यायला तयार नाही. मी काय करू? — एक आई, नगर जिल्हा

उत्तर : तुम्हाला मी पोस्टाने लगेच उत्तर पाठवलं होतं. इथे छापते आहे ते याच उंबऱ्यावर अडकलेल्या इतर आयांसाठी.

पोलिसांत जा. त्याला पाळकसाहेबांची परवानगी लागत नाही, कमिटीचा ठराव लागत नाही, मिस्टरांची सहीसुद्धा लागत नाही. अठरा वर्षांखालच्या लेकरावर असा प्रसंग आल्याचं ज्याला कळलं त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असं २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला, तर एक वर्षापर्यंत. पाळकसाहेबांना हे नीट वाचून दाखवा. बऱ्याच पाळकांना ते खरंच माहीत नसतं. धार्मिक संस्थेतल्या माणसाने त्याच संस्थेत मुलावर हात टाकला, तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर धरतो. आणि आपसात मिटवल्याने तो मिटत नाही. राजस्थानात एका शिक्षकाच्या अशाच प्रकरणात मुलीच्या वडिलांनी तडजोड केली, उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा चालवायला लावला.

पोलीस म्हटलं की पोटात गोळा येतो, हे मला कळतं. पण मुलीला ठाण्यावर नेलंच पाहिजे असं नाही. तिचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत, तुम्ही शेजारी असताना. वैद्यकीय तपासणी लागली तर ती महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि एफआयआर झालेला नाही म्हणून कुठलंही रुग्णालय उपचार अडवू शकत नाही. मुलीचं नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे. साक्ष बंद दाराआड होते आणि आरोपी तिच्या समोर येणार नाही अशी सोय कोर्टाने करायची असते. तालुक्याच्या गावी सगळं कागदाबरहुकूम होतंच, असं मी म्हणणार नाही. म्हणून सोबत एखादं जाणतं माणूस न्या आणि अडलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नर्स म्हणून आणखी एक सांगते, हे तुमच्यापेक्षा इतरांसाठी: प्रसंग ताजा असेल तर मुलीचे कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको, त्यात ओल धरते.

आता वचनांबद्दल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं ‘एकांतात जाऊन समजाव’ हे पंधरावं वचन. तो अध्याय सुरू कुठे होतो? शिष्य मोठेपणाचं विचारत असताना येशू एका बाळकाला बोलावून मधोमध उभं करतो. सहाव्या वचनात म्हणतो, या लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं परवडलं. पाळकसाहेबांनी मधूनच वाचायला सुरुवात केली. शिवाय ‘तुझ्या भावाने तुझा अपराध केला’ हे दोन प्रौढ भावांतलं बोलणं आहे. चौदा वर्षांच्या पोरीने त्या माणसाला एकटीने गाठून समजवावं, असा अर्थ त्यातून काढणाऱ्याने आपली स्वतःची मुलगी डोळ्यांपुढे आणावी.

करिंथकरांस पहिल्या पत्रातला सहावा अध्यायही तसाच. तिथे पौल व्यवहारातल्या भांडणांबद्दल रागावतो आहे आणि म्हणतो, त्यापेक्षा नुकसान सोसा. आपलं नुकसान आपण सोसावं; लेकराचं नुकसान कमिटीने सोसून दाखवायचं, ही शिकवण पौलाची नाही. पौलाला स्वतःला फिलिप्पैत बेकायदा फटके मारले तेव्हा तो गुपचूप निघून गेला नाही, अधिकाऱ्यांना तुरुंगाच्या दारात यायला लावलं. पुढे त्याने थेट कैसरापर्यंत दाद मागितली. राज्यकर्ता वाईट करणाऱ्याला शासन करायला देवाने नेमलेला सेवक आहे, हे रोमकरांस पत्रात लिहिणाराही तोच.

सर्वांत जास्त घाबरवलं मला ‘दुसऱ्या मंडळीत पाठवतो’ या वाक्याने. बोस्टनमध्ये हेच झालं. जॉन गेगन नावाच्या फादरबद्दल तक्रार आली की त्याची बदली व्हायची, तिथे नवी मुलं, पुन्हा तक्रार, पुन्हा बदली. वरच्यांना माहीत होतं. जानेवारी २००२ मध्ये तिथल्या वृत्तपत्राने कागदपत्रांसह हे छापलं, तोवर एकट्या त्या माणसाविरुद्ध १३० हून अधिक जण पुढे आले होते. डिसेंबरात तिथल्या कार्डिनलना पायउतार व्हावं लागलं. प्रत्येक बदलीच्या वेळी कुणीतरी मंडळीचं नावच वाचवत होतं. तुमच्या कमिटीने ज्या मंडळीत त्याला पाठवायचं ठरवलंय, तिथल्या आयांना हे कोण सांगणार?

आणि मुलीला चर्चला यायला लावू नका. तिला एवढंच सांगा, की तुझ्यावर माझा विश्वास आहे आणि तुझी काही चूक नाही. हे एकदा सांगून पुरत नाही. तीच हकीकत पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मावशी आली, आत्या आली, तिला सांग, असं अजिबात नको. प्रार्थना करायची असेल तर तिच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी तिला विचारा. सध्या तिच्या अंगाला कुणी हात लावायचा हे तिला ठरवू द्या.

प्रश्न : आमच्या मुलाचा बाप्तिस्मा ज्या फादरांनी केला, त्यांना पुढे मुलांवरच्या अत्याचाराबद्दल शिक्षा झाली. आमच्या लग्नाचा मिस्साही त्यांचाच. त्यांनी आपलं ब्रह्मचर्याचं व्रत मोडलं, मग हे सगळं बाद होतं का? पुन्हा बाप्तिस्मा करावा का? — एक वडील, ठाणे जिल्हा

उत्तर : नाही. हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत पेटला होता. रोमी छळाच्या काळात काही बिशपांनी घाबरून पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. पुढे डोनॅटिस्ट पंथाचे लोक म्हणू लागले, की अशांच्या हातचे संस्कार फुकट. हिप्पोच्या संत ऑगस्टिनने उत्तर दिलं: पेत्र बाप्तिस्मा देवो की यहूदा, देणारा ख्रिस्तच असतो. तुमच्या मुलाच्या कपाळावरचं पाणी खरं आहे आणि तुमचं लग्नही. हा दिलासा तुमच्यासारख्यांसाठी आहे. त्या फादरांचा बचाव करायला कुणी तो वापरू नये.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘व्रत मोडलं.’ बहुतेक जण असंच म्हणतात, आणि चर्चचा कायदाही बरीच वर्षं तसंच धरून होता. १९८३ च्या कॅथोलिक धर्मसंहितेत मुलांवरचा अत्याचार ‘धर्मगुरूंच्या विशेष कर्तव्यांविरुद्धचे गुन्हे’ या भागात होता. म्हणजे गुन्हा घडला तो व्रताविरुद्ध, आणि ज्या मुलावर घडला ते मूल त्या मथळ्यात कुठेच नव्हतं. पोप फ्रान्सिस यांनी दंडविधानाचा भाग नव्याने लिहवून घेतला आणि ८ डिसेंबर २०२१ पासून तो लागू झाला. आता हा गुन्हा ‘मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धचे गुन्हे’ या मथळ्याखाली आहे, कलम १३९८. खुनाच्या शेजारचं कलम. धर्मगुरू नसलेले, पण चर्चमध्ये पद सांभाळणारे लोकही त्याच्या कक्षेत आले.

मला हा बदल फार मोठा वाटतो. व्रत ही फादरांची आणि देवाची आपसातली बाब. ते मोडलं तर पापनिवेदन करावं, प्रायश्चित्त घ्यावं, पुन्हा वेदीवर उभं राहावं, असा सरळ रस्ता दिसतो. मूल मोडलं तर तो रस्ता उरत नाही. तिथे आधी त्या मुलाकडे जावं लागतं. त्या फादरांनी ज्या मुलांचं वाटोळं केलं ती तुमच्याच धर्मग्रामातली असतील. त्यांच्या घरी कुणी जातं का, हे एकदा पाहा.

प्रश्न : ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसात एक मित्र नेहमी विचारतो, प्रत्येक माणूस देवाचं प्रतिरूप म्हणता, मग तुमच्या चर्चमध्येच हे का? माझे बाबा रवी झकरायस यांची व्याख्यानं भक्तीने ऐकायचे. त्यांच्याबद्दलचं सगळं बाहेर आल्यापासून बाबांनी तो विषयच बंद केलाय. मला उत्तर देता येत नाही. खरं सांगायचं तर मलाच उत्तर हवंय. — एक तरुण, पुणे

उत्तर : मित्राला उडवून लावू नका. झकरायस चेन्नईत जन्मलेले, जगभर ख्रिस्ताची बाजू मांडणारे. मे २०२० मध्ये वारले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने चौकशी अहवाल जाहीर केला, ज्यात मसाज करणाऱ्या बायकांशी त्यांचं वागणं उघड झालं. बाबांना वेळ द्या. ज्याच्या तोंडून देव ऐकला त्याच्याबद्दल असं ऐकणं म्हणजे घरातलं माणूस गेल्यासारखंच असतं.

मला जड गेलं ते दुसरंच नाव. ज्यां व्हानिए. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना संस्थेतून बाहेर काढून आपल्या घरी आणलं आणि त्यांच्यासोबत राहायला लागले. त्यातून लार्श हा परिवार उभा राहिला, १९७० मध्ये बंगळूरला त्याचं आशा निकेतन निघालं. ज्यांना घरचे लोक पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवायचे, त्यांच्याबरोबर एका टेबलाशी जेवायचं, त्यांच्याकडून शिकायचं. मानवी प्रतिष्ठा म्हणजे काय, हे मी नर्सिंगच्या शाळेत शिकले नाही, त्यांच्या लेखनातून शिकले. मे २०१९ मध्ये ते गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत निघालं, की आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी आलेल्या सहा स्त्रियांना त्यांनी त्या नात्याचा फायदा घेऊन वापरलं होतं. २०२३ च्या मोठ्या अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. देवाला शोधत त्यांच्या दाराशी आल्या होत्या, आणि हेच देवाचं प्रेम आहे असं त्यांना सांगण्यात आलं. याहून मोठी चोरी मला ठाऊक नाही.

मग ते टेबल खोटं होतं का? मी यावर खूप विचार केला आहे. टेबलाशी बसलेल्या त्या माणसांची प्रतिष्ठा व्हानिए यांनी त्यांना दिलेली नव्हती, म्हणून त्यांना ती काढूनही घेता आली नाही. माझ्या आजीचा जन्म नेवासे तालुक्यात, गावकुसाबाहेरचा. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. एकदा मिशनची बायबल-बाई घरी आली आणि तिने आजीच्या माठातलं पाणी मागून घेतलं, पिऊन आणखी मागितलं. आमचं कुळ ख्रिस्ती झालं ते त्या पाण्याने. उत्पत्तीतलं ‘नर व नारी अशी ती निर्माण केली’ हे वचन आजीला नंतर कळलं. आता मंडळीतला एखादा माणूस तिच्या पणतीच्या अंगावर हात टाकत असेल, तर ज्या वचनाने आम्हाला आत आणलं त्याच वचनापुढे त्याला उभं करायचं. ते वचन त्याच्या बापजाद्यांच्या मालकीचं नाही.

आमोस संदेष्ट्याला दृष्टान्त होतो, की प्रभू हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा आहे. आणि ती भिंत परक्यांची नसते, इस्राएलाची असते. चर्चचा इतिहास मी असाच वाचते. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी प्रवचनात गुलाम बाळगणाऱ्यांना विचारतो, देवाच्या प्रतिरूपाची किंमत काय लावलीस, किती नाणी मोजलीस? त्याच चर्चचा पोप पाचवा निकोलस १४५२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहून देतो, की अन्यधर्मीयांना कायमचं गुलाम करायला हरकत नाही. सोळाव्या शतकातल्या गोव्यात भर रस्त्यावर माणसांचा लिलाव व्हायचा, आजूबाजूला चर्चेस असताना. १५३७ मध्ये पोप तिसरा पॉल सांगतो, की अमेरिकेतल्या मूळच्या लोकांचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, ते ख्रिस्ती नसले तरीही. आणि निकोलसच्या काळातल्या, गुलामीला मुभा देणाऱ्या त्या जुन्या फर्मानांपासून व्हॅटिकनने स्पष्टपणे हात झटकले ते मार्च २०२३ मध्ये. किती उशीर! आपल्याकडचंही तसंच. भारतातल्या कॅथोलिक बिशपांनी जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे असं धोरणात लिहिलं ते २०१६ मध्ये, आणि मंडळीत स्थळ बघताना आडून आडून काय विचारलं जातं, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

फ्रान्सच्या बिशपांनी स्वतः बाहेरचा आयोग नेमला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या आयोगाने अंदाज दिला, की १९५० पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून सुमारे २,१६,००० मुलांवर अत्याचार झाले. मी तो आकडा दोनदा वाचला, शून्य जास्त पडलं असेल असं वाटून. महिन्याभरात लूर्डला जमलेल्या बिशपांनी ही आमची संस्था म्हणून जबाबदारी आहे, असं मान्य केलं. मित्राला हे सगळं सांगा, काही न लपवता. चर्च स्वच्छ आहे असं मला त्याला सांगता येणार नाही. पण ज्या मापाने तो आपल्याला दोषी ठरवतोय ते माप चुकीचं आहे, असंही मी म्हणणार नाही. ते आपलंच आहे. एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर जे पत्रक काढलं, त्यात युद्ध, गरिबी, माणसांचा व्यापार यांच्या ओळीत लैंगिक अत्याचारही आहे, आणि हे चर्चच्या आत घडतं हेही तिथे लिहिलं आहे.

प्रश्न : आपण अल्पसंख्य. आधीच चर्चेसवर दगड पडतात, धर्मांतराचे आरोप होतात. अशा वेळी आपलीच मासिकं आपली लक्तरं वेशीवर टांगायला लागली तर विरोधकांना आयतं कोलीत मिळतं. आणि खोट्या तक्रारींचं काय? सेवकाचं आयुष्य बरबाद होतं. — एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

उत्तर : काका, तुमची भीती खोटी नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं, २००८ मध्ये कंधमाळ पेटलं. हे आपण विसरणार नाही.

पण कोलीत देतो कोण? लेकरावर हात टाकणारा, आणि ते झाकणारा. वरच्या पत्रातल्या आईने काय केलं? तिने तर फक्त विचारलं. बिशपांवर अत्याचाराचा आरोप करणाऱ्या आपल्या सोबतीणीसाठी केरळातल्या सिस्टर्स सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीत उपोषणाच्या मांडवात बसल्या, तेव्हाही लोक म्हणाले, रस्त्यावर कशाला आल्या? त्यांचं म्हणणं होतं, की आम्ही आधी चर्चचीच दारं ठोठावली. त्या खटल्यात कोट्टायमच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालंधरच्या तेव्हाच्या बिशपांना निर्दोष सोडलं, त्यावर अपील झालं. निकाल न्यायालयांनी द्यायचा, मी नाही. पण सिस्टर्सना रस्त्यावर बसावं लागतं, यावरून आपल्या घरात ऐकणारं कुणी नाही एवढं तर दिसतं.

पवित्र शास्त्राकडे पाहा. दाविदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवलं. राष्ट्राचा सर्वांत मोठा राजा, भोवती शत्रू. नाव राखायचं तर ती पानं गाळता आली असती. गाळली नाहीत. उलट मत्तय येशूची वंशावळ लिहितो तेव्हा पहिल्याच पानावर ‘उरीयाची पत्नी’ असा उल्लेख करतो. प्रभूच्या वंशावळीत ही नोंद चालते, तर आपल्या मासिकात एका आईचं पत्र का चालू नये?

खोट्या तक्रारीचं म्हणाल, तर निर्दोष सेवकालाही बाहेरच्या चौकशीनेच खरी सुटका मिळते. कमिटीने आत दडपलेल्या प्रकरणात त्याच्या मागे कुजबुज आयुष्यभर राहते. वर्षाअखेरीला हॉलमध्ये सर्वांसमक्ष हिशेब वाचतात, तो खजिनदारावर संशय म्हणून नव्हे. हेही तसंच धरा.

प्रश्न : ताई, माझी साठी उलटली. लहानपणी बोर्डिंगात होते. तिथे जे झालं ते कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तो माणूस केव्हाच वारला, त्याच्या नावाची पाटीसुद्धा आहे. दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, क्षमेचं प्रवचन होतं. मला क्षमा करता येत नाही. माझी प्रार्थना देव ऐकत नसेल का? — नाव नको

उत्तर : तुम्ही मला सांगितलंत. मी तुमचं पत्र शब्द न् शब्द वाचलं आणि त्यावर माझा विश्वास आहे. आधी हे.

दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात तामार आहे. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बळजबरी करतो. ती गप्प बसत नाही. डोक्यात राख घालते, झगा फाडते, मोठ्याने आक्रोश करत रस्त्याने जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. बाप दावीद रागावतो, पण करत काहीच नाही. या गोष्टीवर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. पण ती शास्त्रात आहे, तामारेच्या नावासकट, आणि गप्प करणारेही त्यांच्या नावासकट आहेत. तुम्हाला कुणी गप्प केलं हे देवाला ठाऊक आहे. तो तुमचं ऐकतो.

क्षमा तुमच्या हातातली गोष्ट आहे, ती कुणाला तुमच्याकडून वसूल करता येत नाही. ज्याने कधी कबूल केलं नाही, कधी मागितली नाही, त्याला ती न दिल्याबद्दल देव तुम्हाला दारात उभं ठेवेल, असं मी तरी मानत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू ‘त्याने पश्चात्ताप केला तर’ असं म्हणतो. जक्कयाला पश्चात्ताप झाला तेव्हा त्याने चौपट परत करायचं ठरवलं, नुसतं रडून भागवलं नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांनी नवऱ्याच्या आणि मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केली, ती त्यांनी स्वतःहून. खटला तरीही चालला, शिक्षा झाली, आणि त्यांच्या क्षमेत त्याने काही कमी पडलं नाही. तुमच्या मनात ती कधी आली तर येईल. नाही आली तरी तुम्ही प्रभूच्या मेजावर या.

एक विचारते. त्या पाटीबद्दल तुम्हाला काही करावंसं वाटतं का? वाटत असेल तर मला लिहा, तुमचं नाव पुढे न आणता काय करता येईल ते पाहू. तुमच्या शहरात समुपदेशन करणाऱ्या एक बाई आहेत, मंडळीच्या बाहेरच्या. त्यांचा पत्ता वेगळ्या पाकिटात पाठवला आहे.

प्रश्न : मी शब्बाथ शाळा घेते. आमच्या मंडळीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी काही लेखी नियम नाहीत. सुरुवात कुठून करावी? — एक शिक्षिका, औरंगाबाद

उत्तर : पास्टोरेट कमिटीच्या पुढच्या बैठकीत विषय लेखी द्या, म्हणजे इतिवृत्तात येईल. तोंडी सांगितलेलं उरत नाही. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, एकमेकांच्या घरातली नसलेली. वर्गाचं दार उघडं, किंवा दाराला काच. कुणा एका मुलाला मोटारसायकलवरून एकट्याने सोडायला जायचं नाही, मग तो पाळक असो की ऑर्गन वाजवणारा. मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत. जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. शिबिरात मुली आणि मुलं वेगळ्या ठिकाणी झोपतील, मुलींकडे महिला असतील, आणि भांडारखोलीची किल्ली एकाकडे नसेल. नव्याने सेवेला येणाऱ्याबद्दल आधीच्या मंडळीला लेखी विचारा आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. बाहेरगावाहून आलेल्या संदेशकालाही यात सूट नको.

तक्रार कुणाकडे करायची त्या दोघांची नावं ठरवा, त्यात एक बाई हवी आणि एक जण मंडळीबाहेरचं हवं. दोघांपैकी कुणीही पाळकांच्या नात्यातलं नको. तक्रार आली की चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, आधी आपण खातरजमा करू म्हणून थांबायचं नाही, हे ठरावातच लिहा. मुलांना त्यांच्या भाषेत समजवा: अंग तुझं आहे, नाही म्हणता येतं, दादा-ताई-पाळक कुणालाही. १०९८ हा नंबर नोटीस बोर्डावर मोठ्या आकड्यात लावा, मुलांच्या उंचीला वाचता येईल एवढ्या खाली. ठरावाचा मसुदा हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवा. मी पाठवते.